पडताळून पाहण्याची सवय : घरच्या घरी विज्ञानाचा अभ्यास



वस्तीवरच्या मुलांना घरी विज्ञान कसे शिकवता, त्यासाठी काय साहित्य लागते, असे मंडळीतल्या अनेकांनी भेटीत विचारले आहे. काहींनी प्रयोगशाळेच्या पेट्या पाठवण्याची तयारीही दाखवली. त्या सर्वांचे मनापासून आभार. या अंकात त्याच विषयावर थोडे सविस्तर लिहिते. यातला एखादा पाठ आपल्या घरच्या मुलांबरोबर करून पाहता यावा, अशा बेताने लिहिले आहे.

सडक अर्जुनी तालुका बहुतेकांनी मुंबई-कोलकाता महामार्गावरून जाताना गाडीच्या खिडकीतून पाहिला असेल. कोहमाऱ्याच्या चौकात दिवसरात्र ट्रक धावतात. पण रस्ता सोडून आत गेले की नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल, धानाच्या बांध्या आणि मामा तलाव लागतात. गोंड, हलबा कुटुंबांच्या वस्त्या इथेच आहेत. घरात कुठे गोंडी बोलतात, कुठे झाडी बोली. एप्रिलात मोहफुले वेचायची, मे महिन्यात तेंदूपाने तोडायची, पावसाळ्यात रोवणी. या सगळ्या कामांत मुले आईबापाबरोबर असतात. त्यामुळे त्यांचा पुष्कळसा अभ्यास शाळेच्या वर्गाबाहेरच, घराच्या छपरीत होतो. मी शिकवते तीही अशीच एक छपरी आहे.

या मुलांना माहिती कमी असते असे कोणी समजू नये. मोह कोणत्या झाडाचा आधी गळतो, कोणते अळिंबे खायचे आणि कोणते नाही, तलावात मासा कुठे दडतो, हे दहा वर्षांच्या मुलीला माझ्यापेक्षा जास्त कळते. निरीक्षण तर त्यांच्या अंगातच आहे. घालून द्यावी लागते ती दुसरी सवय. दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून तुलना करायची, त्या दोहोंत एकच फरक ठेवायचा, आणि काय होईल ते आधी लिहून मग मोजायचे. विज्ञानाची पद्धत म्हणून शाळेच्या पुस्तकात जी पायऱ्यांची यादी असते, तिचा गाभा एवढाच आहे. यादी पाठ करून घेण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. एकदा धानाचे बी हातात घेतले की पायऱ्या आपोआप येतात.

धानाचा पाठ

हा पाठ पेरणीच्या आधी, मे महिन्याच्या शेवटी करावा. कृषी विभाग शेतकऱ्यांना दरवर्षी सांगतो की धानाचे बी पेरण्यापूर्वी मिठाच्या पाण्यात टाकून निवडून घ्या. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, म्हणजे तीन टक्क्यांचे द्रावण. त्यात बी टाकून ढवळले की पोचट आणि हलके बी वर तरंगते, भरलेले बी तळाला बसते. तरंगलेले काढून टाकायचे, बुडालेले साध्या पाण्यात दोनतीन वेळा धुऊन सावलीत वाळवायचे. पुष्कळ घरांत हे करतात. पुष्कळ घरांत करत नाहीत, कारण तरंगलेले बीसुद्धा पैसे देऊन आणलेले असते आणि ते फेकताना जीव तुटतो. म्हणून प्रश्न खराच आहे : तरंगलेले बी खरोखर वाया गेलेले असते का?

मुलांना आधी अंदाज विचारावा आणि तो वहीत लिहून घ्यावा. आमच्याकडे वहीचे डावे पान अंदाजाचे आणि उजवे पान जे घडले त्याचे असते. अंदाज आधी लिहिला नाही तर प्रयोग झाल्यावर प्रत्येक जण ‘मला माहीतच होते’ म्हणतो. त्यात लबाडी नसते, मोठ्या माणसांचेही असेच होते. डाव्या पानावरचे चुकले म्हणून कोणाला हसायचे नाही आणि ते खोडायचेही नाही, एवढा एकच नियम मी कडकपणे पाळते.

मग बुडालेले शंभर दाणे आणि तरंगलेले शंभर दाणे मोजून घ्यायचे. ओल्या गोणपाटाचे दोन सारखे तुकडे घ्यायचे, त्यांवर ओळीने दाणे मांडायचे, गुंडाळी करायची आणि रोज पाणी शिंपडायचे. आठ दिवस रोज मोजायचे.

ऐकायला सोपे वाटते, पण खरा पाठ इथे मांडामांड करताना होतो. एका मुलाने एक गुंडाळी चुलीजवळ आणि दुसरी दाराशी ठेवली. मी काही बोलले नाही. त्याच्याच बहिणीने विचारले, ‘चुलीजवळचं आधी उगवलं तं ते बियाच्या गुणानं का उबेनं?’ दोन्ही गुंडाळ्या एका जागी आल्या. मग पाण्याचा प्रश्न निघाला. एकीला तलावाचे, एकीला हातपंपाचे चालेल का? नाही, तेही सारखेच हवे. त्यानंतर सहावीतल्या मुलीने जी शंका काढली ती माझ्या मनात आलीच नव्हती असे नाही, पण ती मुलांकडूनच यावी म्हणून मी थांबले होते. ती म्हणाली, ‘ताई, मिठानंच बी मेलं असंल तं?’

शंका रास्त आहे. तरंगलेले बी मिठाच्या पाण्यात जास्त वेळ राहिले, किंवा बुडालेले धुतले आणि तरंगलेले न धुताच घेतले, तर दोघांत वजनाचाच नव्हे, मिठाचाही फरक पडतो. मग न उगवण्याचे कारण कोणते ते सांगता येणार नाही. यावर मुलांनीच उपाय काढला. दोन्ही ढीग एकाच वेळी बाहेर काढायचे, सारखेच धुवायचे, आणि मीठ न दाखवलेले शंभर दाणे पोत्यातून काढून तिसरी गुंडाळी करायची. त्या तिसऱ्या गुंडाळीला शास्त्रज्ञ काय म्हणतात हे मी अजून त्यांना सांगितलेले नाही. ती कशासाठी आहे हे मात्र त्यांतल्या सगळ्यांत लहानालाही सांगता येते.

बुडालेल्यांतले बहुतेक दाणे उगवले. तरंगलेल्यांतले थोडेच उगवले, पण काही उगवले. हे ‘काही’ मला फार मोलाचे वाटते. ज्यांनी डाव्या पानावर ‘एकही उगवणार नाही’ असे लिहिले होते त्यांना उजव्या पानावर वेगळेच लिहावे लागले, आणि लगेच पुढचा प्रश्न तयार झाला. उगवले खरे, पण त्यांचे पऱ्हे बळकट होतील का? भरलेल्या दाण्यात अंकुराच्या पोटापुरते पीठ साठवलेले असते. मुळे धरून पाने अन्न करू लागेपर्यंत रोप त्यावरच जगते. हलक्या दाण्यात ही शिदोरी कमी असते. हे मी सांगितले, पण ते मी सांगितले म्हणून मुलांनी मान्य करावे असे नाही. रोप उपटून मोजता येते.

हे नवे नाही

अशा शिक्षणाचा मोठा प्रयोग आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात होऊन गेला आहे. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत ‘किशोर भारती’ आणि रसुलिया इथले ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी तो सुरू केला. रसुलियाचे केंद्र क्वेकर, म्हणजे फ्रेंड्स पंथाच्या ख्रिस्ती बांधवांनी उभे केलेले, ही गोष्ट आपल्या मंडळ्यांत फार थोड्यांना माहीत आहे. तिथल्या ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत उत्तरे छापलेली नसत. मुलांनी टोळ्या करून प्रयोग करायचे आणि उत्तर आपणच लिहायचे. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा असे, आणि प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा होई. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर गेला. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने तो सांभाळला. २००२ मध्ये तिथल्या सरकारने तो बंद केला. तीस वर्षे चाललेले काम बंद पडले याची खंत वाटते, पण त्यातून तयार झालेली माणसे आणि पुस्तके राहिली. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून खेळणी करून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता तिथूनच पुढे आले आणि नंतर पुण्याच्या आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. आपल्या महाराष्ट्रात मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने, ज्याची स्थापना १९७४ ची, जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या ग्रामीण शाळांपासूनच आपल्या कामाला आरंभ केला होता. तेव्हा खेड्यातल्या मुलांना हे जमणार नाही असे कोणी म्हटले तर त्याला हा इतिहास सांगावा.

तुलनेची कल्पना तर याहून फार जुनी आहे. रविवारच्या शाळेत दानीएलाचा पहिला अध्याय आपण सगळ्यांनीच शिकवला आहे. राजाच्या ताटातले अन्न नको म्हणून दानीएल कारभाऱ्याला काय सुचवतो? दहा दिवस आम्हा चौघांना भाजीपाला आणि पाणी द्या, मग राजाचे अन्न खाणाऱ्या तरुणांशी आमचे चेहरे ताडून पाहा. मुदत ठरलेली, दोन गट, शेवटी तुलना. औषधांच्या चाचण्यांचा इतिहास लिहिणारे या अध्यायाचा उल्लेख आवर्जून करतात. हा भाग आम्ही विज्ञानाच्या पाठातही वाचला. एका मुलाने लगेच विचारले की ते चौघे आधीपासूनच धडधाकट असतील तर? आजचे डॉक्टर यासाठीच चिठ्ठ्या टाकून गट पाडतात, असे मी त्याला सांगितले.

मडक्यातले पाणी

हा पाठ पावसाळ्यातला. तलावाचे पाणी दुहेरी फडक्याने गाळून दोन सारख्या मडक्यांत भरायचे. एकाचे तोंड पातळ कापडाने घट्ट बांधायचे, दुसरे उघडे. दोन्ही सावलीत. थोड्याच दिवसांत उघड्या मडक्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसू लागतात. त्या दिसताच त्या मडक्यालाही कापड बांधावे, म्हणजे पुढे निघणारे डास बाहेर जाणार नाहीत. ‘पाणी सडलं की किडे पडतात’ असे सगळेच म्हणतात. मग बांधलेल्या मडक्यातले पाणी सडले नाही का? तेही तितकेच जुने. इटलीतल्या फ्रान्चेस्को रेडी यांनी १६६८ मध्ये मांसाचे तुकडे उघड्या आणि झाकलेल्या भांड्यांत ठेवून हाच प्रश्न सोडवला होता. माशा जिथे बसू शकल्या तिथेच अळ्या झाल्या.

अळी दिसल्यापासून डास होईपर्यंतचे दिवस मुलांनी मोजावेत. साधारण आठवडाभर किंवा थोडे जास्त लागते. आरोग्य सेविका आठवड्यातून एक दिवस ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात, तो आठवड्यातूनच का, हे मग सांगावे लागत नाही. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून असेल तर ती ॲनाफिलीसची, म्हणजे हिवतापाच्या डासाची असू शकते. डोके खाली करून तिरपी लोंबकळत असेल तर दुसऱ्या जातीची. साध्या भिंगाने हे दिसते. डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू रोनाल्ड रॉस यांना सापडला तो २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादला. आपल्या देशातच लागलेला हा शोध मुलांना सांगताना मला अभिमान वाटतो. प्रयोग संपला की पाणी कोरड्या मातीत ओतून मडकी आतून घासून काढावीत.

चिंचोक्यांचा पाठ

आता ज्या पाठासाठी हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येते.

आमच्या भागात पावसाळ्यात साप निघतात. माणसे जमिनीवर झोपतात. मण्यार रात्री अंथरुणात शिरते, तिच्या दंशाची खूण धड दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, आणि तेव्हाही पुष्कळदा आधी झाडफूक करणाऱ्याकडे नेतात. तो कोणी लबाड परका नसतो. नात्यातला, गावातला, पैसे न घेणारा म्हातारा असतो आणि त्याने अनेकांना ‘उतरवले’ आहे हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. त्यांना अडाणी म्हणून काही साधत नाही. त्यांनी पाहिले ते खरेच आहे. पाहायचे राहिले ते दुसरेच.

मी मुलांना वीस चिंचोके दिले. त्यांतले चार एका बाजूने घासून पांढरे केलेले. सांगितले, समजा पावसाळ्यात वीस जणांना साप चावला. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात. धामण, दिवड, कवड्या, तस्कर. विषारी म्हणजे मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. या चौघांच्या दंशातही प्रत्येक वेळी विष उतरतेच असे नाही. म्हणून समजा वीसपैकी सोळा काळे, म्हणजे ज्यांना विष चढलेलेच नाही. चार पांढरे. आता या विसांवर कोणी काहीच केले नाही तर किती जगतील?

‘सोळा तरी,’ मुले म्हणाली.

मग विसांनाही मंत्र घातला आणि मंत्रात काहीच शक्ती नसली तर किती जगतील?

मुले चिंचोके हलवत राहिली. सोळाच. म्हणजे काहीही न करता त्या म्हाताऱ्याच्या नावावर सोळा माणसे वाचवल्याचे पुण्य जमा होते. ज्या घरचा माणूस वाचला ते घर ही गोष्ट गावोगाव सांगते. ज्या घरचा गेला ते म्हणते, उशीर झाला, नशीब होते. मंत्र न घालता किती वाचले असते हे कोणी मोजत नाही, कारण मंत्र न घातलेला कोणी नसतोच. धानाच्या पाठातली तिसरी गुंडाळी इथे कोणी केलेलीच नाही, असे एक मुलगी आपणहून म्हणाली.

थोडा वेळ गेल्यावर तिनेच चार पांढरे चिंचोके बाजूला ओढले. ‘आन् हे चौघं?’

त्या चौघांसाठी रुग्णालयात प्रतिविषाचे इंजेक्शन असते आणि ते वरच्या चारही सापांच्या विषावर चालते. वेळ फार महत्त्वाचा. चावलेल्याला धीर द्यायचा, चालू द्यायचे नाही, हातपाय हलवू द्यायचा नाही, घट्ट दोरी बांधायची नाही, जखम कापायची किंवा चोखायची नाही, आणि मिळेल त्या गाडीने रुग्णालय गाठायचे. साप मारून बरोबर नेण्यातही वेळ दवडू नये. यात ‘आपण करून पाहू’ असे काही नाही. कोणत्या गोष्टीचा प्रयोग करायचा नाही हेही मुलांना सांगावे लागते. रंगाने काळे की पांढरे हे चिंचोक्यात दिसते, माणसात आधी दिसत नाही. म्हणून विसांनाही रुग्णालयात न्यायचे.

एक मुलगा म्हणाला, माझा आजाच झाडतो, त्याला काय सांगू? आईबापांना, आजोबांना खोटे पाडायला मुलांना पुढे करणे मला पसंत नाही. त्याने घरी मुलाचे ऐकले जात नाही आणि पोराला मार बसतो. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्र, गंडेदोरे देणे त्यात गुन्हा ठरते. पण कायद्याची भाषा मुलाच्या तोंडी शोभत नाही. म्हणून मी चिंचोके घेऊन स्वतः आजोबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकले. मंत्र सोडणार नाही म्हणाले. बराच वेळ चिंचोके हातात खेळवून मग म्हणाले, ‘गाडी येईस्तोवर झाडतो. गाडी आली का नेऊन टाका.’ गाडी आधी बोलवायची, हे त्यांनी कबूल केले. मी त्यावर समाधान मानले.

काय पाठवावे

ज्यांनी पेट्या पाठवण्याची इच्छा दाखवली त्यांना नम्रपणे सांगते की तयार पेट्या पाठवू नका. त्यांतली काच फुटते, रसायने संपतात आणि कपाटाला कुलूप लागते. हातात धरायची भिंगे, मोजपट्ट्या, शंभर पानी वह्या, पेन्सिली आणि एखादा लहान तराजू पुरे. बाकी गोणपाट, मडकी, मीठ आणि चिंचोके इथे आहेत. काही पाठांना तर काहीच लागत नाही. मे महिन्याच्या अखेरीस, २६ तारखेच्या आसपास, भरदुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर दिसेनाशी होते. आपले गाव याच पट्ट्यात असेल तर मुलांना अंगणात काठी रोवायला सांगा आणि त्याआधीचे आठ दिवस सावली मोजायला लावा.

धानाचे काम अजून चालू आहे. तरंगलेल्या दाण्यांचे जे पऱ्हे जगले ते मुलांनी एका बांधीच्या कोपऱ्यात रोवले आहेत आणि शेजारी तितकेच बुडालेल्या दाण्यांचे. दोन्हींच्या मध्ये बांबूची काठी आहे. डाव्या पानावर सगळ्यांचे अंदाज लिहून झाले आहेत. यंदा दोन मुलांनी दोन्हीकडे सारखेच पिकेल असे लिहिले आहे. लोंब्यांची मोजणी कापणीच्या वेळी, दिवाळीच्या सुमारास होईल.